एकास अठ्ठेचाळीस

माँट्रोझवर आज पुन्हा समुद्रावरून धुकं चढून आलंय.
समोरचा रस्ता गेला, चर्चचं टोक गेलं,
कुंपणावरचा कावळा उरलाय, तोही निम्मा.
बरंच आहे. मला टेबलावरचा दिवा पुरतो.

डब्यात तयार तुकडे मिळतात की, मुलगा फोनवर म्हणाला,
सुटे करायचे, चिकटवायचे, झालं विमान.
अरे, छत्तीस वर्षं लोकांच्या तोंडात काम केलं,
दोन दाढा कधी एका मापाच्या निघाल्या नाहीत.
आता म्हातारपणी कोणाचं तयार माप घेऊ?

अवजारं तीच. वाकडी चिमटी, आकडीची सुई,
मेण कोरायची सुरी, बारीक कानस.
फक्त समोरचा आता खुर्चीचा हात घट्ट धरत नाही.

पंखांच्या कामट्या पुठ्ठ्याच्या. साठानंतर मोजणं सोडलं.
वर टिश्यू, त्यावर खळ,
मिरजेतला परीट धोतरांना द्यायचा तशी, पातळ, दोन हात.
सुकताना कागद आवळत जातो
आणि सकाळी बरगड्या दिसायला लागतात,
उपाशी कुत्र्याच्या असाव्यात तशा.

मग पंखा. अक्रोड आणि मेपलच्या पापुद्र्यांची चवड,
ती तासून पीळ काढायचा.
पंख आणि पंखा, फरक एका कान्याचा,
कष्ट मात्र दुप्पट.
तिसरा मोडला तेव्हा मी जी शिवी हासडली
ती ऐकून मांजर दुसऱ्या खोलीत गेलं.
त्याला मराठी येत असावं.

तारांसाठी आधी माझाच एक पांढरा केस लावून पाहिला.
सरळ राहिना. डोक्यावर तरी कुठे राहिला होता.
शेवटी नायलॉन, मेणबत्तीजवळ तापवून ओढलेला.
पतंगाची कण्णी बांधलेल्या बोटांना हे सांगावं लागत नाही
की एक तार ताणली की समोरची रुसते.
ह्या यंत्राला वळायचं तर आख्खा पंख पिळायचा,
ओल्या पंचासारखा.
आणि ह्यात बसून पोरं लढाईवर गेली.

फोटो एल्सपेथ गेडिसनं आणला, बिस्किटांच्या डब्यातून.
तिची शेवटची कवळी मीच बसवली होती.
तोंड उघडं असताना तिला सांगता आलं नाही,
ते सगळं तिनं नंतर तासभर सांगितलं.
एकोणीसशे तेरा. शेडपुढे विमान.
त्यासमोर आजोबांचा चुलता डंकन, मेकॅनिक,
टोपी मागे सरकवलेली, कोपर धडाला टेकवून.
ह्या विमानात तो एकदाही बसला नाही, म्हणाली,
उंचीची भीती.

नेमका तिथेच उभा आहे हा माणूस.
त्याच्या खांद्यामागून एका पत्र्याची कड दिसते,
आणि बस्स.
वाचनालयातल्या आराखड्यात तो पत्रा नाही.
इथल्याच कोणीतरी ठोकून बसवलेला असणार.
पेटी? झडप? टाकीचं ठिगळ?

तीन आठवडे अडले.
पेटी केली, उपटली. झडप केली, रंगवली,
छान दिसत होती, म्हणूनच उपटली.
कोण बघणार आहे, मुलगा म्हणाला.
मी. आणि मापात पाप नको.

मग एका रात्री मेणाचा गोळा घेतला
आणि डंकनच केला.
साडेतीन सेंटीमीटर, टोपीसकट.
फोटोत होता तिथेच उभा केला, कोपर टेकवून,
मला जे माहीत नाही
त्याच्या बरोबर पुढे.

एल्सपेथ काल आली. चष्मा काढला, पुसला, घातला.
वाकून, मान तिरकी करून
त्याच्या पाठीमागे डोकावायला गेली.
डंकन, जरा बाजूला हो रे, म्हणाली.
तो हलला नाही.
मागे आहे काय? तिनं मला विचारलं.
त्याला विचार.

मग तिनं पंख्यावर हलकेच फुंकर मारली.
अर्धा फेरा फिरला आणि अडकला.
आसाला खळ लागली वाटतं, मी म्हटलं,
उद्या बघते.