पासंग

पोर्ट ह्युरनमध्ये आज वीस आहे.
पलीकडे सार्नियात उणे सात.
मध्ये नदी,
तिच्यावरून बर्फाचे पापुद्रे
कुणालाच न विचारता वाहताहेत.
हेमांगी फोनवर म्हणते, "उणे सात गं!"
मी म्हणते, "आमच्याकडे वीस,"
आणि दोघी बहिणी आपापल्या खिडकीतून
एकाच जहाजाकडे बघत राहतो.

नवी होते तेव्हा वाटायचं, केवढा हा घोळ.
मग आठवलं, आपण तरी कुठं एका मापात वाढलो?
उंची पाच फूट दोन.
कापड मीटरवर आणायचं, शिंप्यानं इंचात बेतायचं.
सोनं तोळ्यात.
अबोलीचा गजरा फुलवालीच्या कोपरापासून बोटांपर्यंत,
म्हणून आई लांब हातांच्या मालूकडूनच घ्यायची.
ऊन सेल्सियसमध्ये, अंगातला ताप फॅरनहाइटमध्ये,
जणू आभाळ एका सरकारचं
आणि कपाळ दुसऱ्याचं.

बाबा वजनमाप निरीक्षक.
लाकडी पेटीत, मखमलीच्या खाचांत निजवलेली पितळी वजनं घेऊन
तासगावच्या पेठेत दुकान दुकान फिरायचे.
मापातलं पाप शोधायचा पगार.
म्हणायचे, माल मागाहून बघ,
आधी रिकामी पारडी बघ.
एक जरासं खाली असतंच,
आणि कुठल्यातरी दोरीला
कुणीतरी खडा बांधलेला असतो.

इथं फार्मसीच्या काउंटरमागे मी.
लोरेन आपल्या नवऱ्याचं वजन पौंडांत सांगते,
मी मनातल्या मनात दोन पूर्णांक दोननं भागते.
मैल, गॅलन, एकर छातीशी धरून बसलेला हा देश
गोळी मात्र मिलिग्रॅममध्ये गिळतो.
दोन दुकानं सोडून दुसरी गोळी मिळते,
तीही नऊ मिलिमीटरची.
हे लोरेनला सांगावंसं वाटतं.
पण इंग्रजीत त्या दोन गोळ्या
एकमेकींना ओळखत नाहीत.

परवा रात्री पावणेदोनला फोन.
"निहारला एकोणचाळीस पॉईंट चार."
खरं सांगते, ऐकलं आणि काहीच हललं नाही.
एकोणचाळीस म्हणजे चपलेचा नंबर,
परीक्षेत काठावर पास.
इतकी वर्षं हाच हिशेब करून पोट भरलं,
तरी एक क्षण गेला.
मग आकडा नदी ओलांडून अलीकडे आला:
एकशे तीन.
आणि पोटात गोळा आला.

पूल चढताना गाडीच्या तबकडीवर
मोठे आकडे आणि त्यांच्या पोटात बारके आकडे,
लेकुरवाळ्या बाईसारखे.
मध्यावर दोन झेंडे. पुढची पाटी किलोमीटरची.
वेग तोच, आकडा उगाच फुगलेला.
खाली काळं पाणी. किती खोल, कोण जाणे,
फूट म्हणा, मीटर म्हणा,
बुडायला पुरुषभर पुरतं.

चौकीतला पोरगा जांभई आवरत विचारतो,
सोबत काय?
औषध. थर्मामीटर. मुगाची खिचडी.
खिचडी किती?
मी ओंजळ करून दाखवते.
किती वेळ थांबणार?

तास सांगावेत, की दिवस?
त्याच्या पडद्यावर कुठलातरी रकाना वाट बघत असतो.
"ताप उतरेपर्यंत," मी म्हणते.

तो थांबतो.
माझ्याकडे बघतो, डब्याकडे बघतो.
काहीतरी टाइप करतो.
काय, ते मला दिसत नाही.
फाटक वर जातं.

हेमांगी दारातच उभी होती, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या.
थर्मामीटर पिशवीतच राहिला.
आधी मी तिच्या कपाळावर हात ठेवला,
मग त्याच्या.
तिचंच जरा खाली होतं.