अर्ध्या सेकंदाचा उशीर

साडेअकराची वेळ दिली होती.
मी अकरा दहालाच बसले,
मोबाईल बाजरीच्या डब्याला टेकवून.
मागे पांढरी भिंत, कारण सूचनांत लिहिलं होतं
मागे शक्यतो काही नको.
सूचना मला आवडतात.

पाथर्डी फाटा, तिसरा मजला.
खाली कोपऱ्यावर भाजीचा टेम्पो,
रेकॉर्ड केलेला आवाज
मेथी दहाला, मेथी दहाला.
डॉक्टर पुण्यात. गद्रे मॅडम.
त्यांच्यामागे एक कुंडी.
त्या म्हणाल्या, "कसं वाटतंय आज?"
मी म्हणाले, "तुमचं एक पान पिवळं पडलंय."
त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

चव्वेचाळीस वर्षं ऐकतेय, डोळ्यांत बघून बोल.
शाळेत, बघायला आलेल्या मंडळींसमोर,
सातपूरच्या इंटरव्ह्यूत.
मग मी भुवयांच्या मधोमध बघायला शिकले,
टिकलीकडे,
टिकली नसेल तर एखादा तीळ शोधून.
इथे मात्र
त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं
की त्यांना मी खाली बघतेय असं दिसायचं,
आणि त्यांच्याकडे बघतेय असं दिसायला
मला बघावं लागायचं वरच्या बारीक भिंगाकडे,
जिथे कुणीच नव्हतं.
त्यांचंही तेच.
म्हणजे दोघींनाही जमत नव्हतं.
मला फार बरं वाटलं.

आणि आवाज अर्धा सेकंद उशिरा.
मी तर जन्मभर तेवढीच उशिरा आहे.
लोकांचं हसून झालं की हसते,
पाहुणे चपला घालून जिना उतरले
की मला उत्तर सुचतं.
इथे त्याही थांबायच्या.
दोघी एकदम बोलायचो,
मग दोघी एकदम, तुम्ही बोला, तुम्ही बोला.

मैत्रीण म्हणजे काय, त्यांनी विचारलं.
जिच्याबरोबर जेवताना बोलावं लागत नाही ती.
काम काय करता?
गिअरचे दात तपासते.
दोन शतांश मिलिमीटरने चुकलेला दात
यंत्राआधी माझ्या बोटाला कळतो.
आणि गरम भाग कधी मोजू नये, मॅडम,
मशीनवरून आला की टेबलावर ठेवायचा,
हाताचीसुद्धा ऊब उतरू द्यायची,
नाहीतर माप खोटं येतं
आणि आपण भागाला दोष देतो.
बारा मिनिटं बोलले. घड्याळ बघत होते मी.
त्यांनी थांबवलं नाही.

लहानपणचं सांगणारं कुणी आहे?
आईबाबा नाहीत. अप्पाला जोडलं, सटाण्याहून.
दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला,
चौकटीत नुसतं कपाळ आणि कॅलेंडर.
तो रंगात आला.
"जत्रेतून उशिरा आली एकदा.
बाबा ओरडले, कुठं तोंड काळं करून आलीस?
तर ही सरळ आरशासमोर गेली, मॅडम!
परत येऊन सांगते, नाही झालेलं."
अप्पा हसला. डॉक्टर हसल्या नाहीत.
नेट अडकलं तिथेच,
अप्पाचं तोंड उघडं,
त्यावर गोल फिरत राहिलेलं चक्र
आणि खाली मेथी दहाला, मेथी दहाला.

आला तेव्हा आवाज आधी आला, चेहरा मागून.
"मारलं होतं तिला त्या दिवशी.
उलट बोलते म्हणून."
मग बराच वेळ दुकानाचा पंखा ऐकू येत होता.
"पण ती उलट नव्हती बोलली," अप्पा म्हणाला,
"ती बघूनच आली होती."

अहवाल पंधरा दिवसांनी मेलवर येईल.
सर्वांनी सर्वांना धन्यवाद दिले.
लाल बटण कुणी आधी दाबायचं
हे सूचनांत नव्हतं.

लगेच अप्पाचा फोन वाजला.
मी उचलला नाही. मी उचलत नाही,
यावरून तो सहा वर्षं रुसलेला होता.
वाजायचा थांबला. मेसेज आला :
बोलू नको. लिही. जेवलीस का?

मी लिहिलं :
नाही. एक चाळीस झालेत.
कुकर लावायचा आहे.

पलीकडे तो टाईप करतोय असं दिसलं.
थांबला. पुन्हा टाईप करतोय.
थांबला.
मी कुकर लावला नाही,
मोबाईल बाजरीच्या डब्याला टेकवून
बसून राहिले.