तळटीप एकशे बारा

मे महिन्यात देणगी मागायला निघू नये.
सदरपासून मोहननगरापर्यंत डांबर चप्पल धरून ठेवतं,
आणि पावतीपुस्तकातला कार्बन घामानंच उमटतो,
न लिहिलेल्या रकमेसकट.

तरी निघाले. मी खजिनदार,
धर्मप्रांताच्या प्रकाशन समितीची.
समितीत तिघं: एक बिशपसाहेबांनी नेमलेले,
एक आजारी, एक मी.

रेव्हरंड एलिया मकासरे अकरा वर्षं
एकच गोष्ट शोधत होते:
दर रविवारी गुडघ्यांवर आपण जी मराठी बोलतो
ती रचली कोणी.
साहेबांची नावं मिळाली, त्यांच्या जहाजांचीसुद्धा.
'तारण' का राहिलं, 'मोक्ष' कोणी खोडला,
कोणत्या साली कोणत्या क्रियापदावरून
दोन पाद्री सहा महिने बोलले नाहीत,
सगळं मिळालं.
पण साहेबांसमोर चटईवर बसून
"असं नाही म्हणत आमच्यात" असं जो म्हणाला,
तो शास्त्री, की मुनशी, की भाकरी थापता थापता
आतून बोललेली कोणी बाई,
त्याबद्दल एकशे बारा नंबरच्या तळटिपेत
एवढंच: नाव सापडले नाही.

हिराबाई पारधे, मेयोच्या निवृत्त सिस्टर, पाचशे.
"मी काही वाचणार नाही गं, डोळे गेले.
पण वेदीजवळच्या कपाटात
एक तरी जाडं पुस्तक आपलं असू दे."
तिमथी बोरघरे, रेल्वेचे गार्ड, दोनशे एक.
वरचा एक शकुनाचा, म्हणाले,
आणि बायकोकडे बघून हसले.
तरुण संघानं पोह्यांचा स्टॉल लावला.
तर्री संपली, पोहे उरले, नफा तीनशे चाळीस.
सिव्हिल लाइन्समधल्या डॉक्टरांनी विचारलं,
"संशोधनाला पैसे? चर्चचं छत गळते ना?"
गळतं, म्हटलं. आणि पाणी मागितलं.
पाणी दिलं त्यांनी. माठातलं.

मोमिनपुऱ्यात नसरुल्लाभाईंचा छापखाना.
जुन्या फॉन्टमधून नव्यात येताना
पुस्तकभर 'धर्म'चा 'धमर्' झाला होता.
"ताई, तुमच्या धर्माचा रफार पडला," ते म्हणाले,
आणि कूलर माझ्याकडे वळवला.
दोन रात्री बसलो.
एक हजार तीनशे सेहेचाळीस रफार
उचलून उचलून जागेवर ठेवले.
आमच्या समितीतल्या कोणीही नाही
इतकं नीट त्यांनी ते पुस्तक वाचलं.

एकशे बारावर थांबले.
"हे अर्धवट वाटते. टाका न कोणाचं तरी नाव."
मग चष्मा पुसत, स्वतःशीच:
"माझ्या आज्यानं चाळीस वर्षं
दगडावर उलटी अक्षरं काढली.
त्याचंही कुठं नाही म्हणा."

रात्री साडेबाराला चंद्रपूरला फोन लावला.
रेव्हरंड खोकले, बराच वेळ.
"खाली एक ओळ मोकळी सोडा."
"चूक वाटेल ती."
"वाटू द्या."

तीनशे प्रती. शिल्लक रुपये सतरा.
प्रकाशनाला प्रार्थना लांबली, समोसे गार झाले.
हिराबाई नातीचा हात धरून आल्या.
पुस्तक हुंगलं. म्हणाल्या, ती जागा दाखव.
मी त्यांचं बोट मोकळ्या ओळीवर ठेवलं.
बोट डावीकडून उजवीकडे गेलं,
परत आलं.
"हं," म्हणाल्या. "जागा बरी ठेवली."

तोवर नातीनं शेवटचं पान काढलं होतं,
देणगीदारांची यादी.
"आजी, तुझं नाव चुकलं.
पार्धे छापलंय."

एक रफार आमच्या हातून जास्त झाला होता.

हिराबाई हसल्या नाहीत.
"दुरुस्त कर," म्हणाल्या,
वॉर्डात नवीन पोरींना म्हणत असतील तशा.

तीनशे चिकटपट्ट्या, सतरा रुपयांत.
उद्या मोमिनपुऱ्यात जाऊन विचारते.