खोलीपुरती हवा

उलानबातरच्या टेकडीवर, जानेवारीत,
कोणी दार ठोठावत नाही.
बाहेरूनच ओरडायचं : "कुत्रा धरा!"
कुत्रा धरला जातो. मी वाकून गेरमध्ये शिरतो,
नमद्याच्या त्या गोल घरात,
बगलेत नवा फिल्टर, दुपट्यातल्या तान्ह्यासारखा.

यंत्र पलंगाच्या पायथ्याशी. उसनं आहे,
दवाखान्याच्या यादीतून आलेलं,
तेमुलेनच्या नावावर. वय सहा. न्यूमोनिया दोनदा.

"आत काय आहे?" तो विचारतो.
मी मागचं झाकण काढतो.
एक पंखा. आणि घड्याघड्यांचा कागद,
उलगडला तर तुझ्या पलंगावर मावणार नाही.
"म्हणजे चाळणी?"
चाळणीतून बारीक ते सुटतं, बाबा.
इथे जाडा कण धावत येतो, वळण चुकतो, आपटतो.
अगदी बारीक असतो तो दारुड्यासारखा झुलत निघतो,
या धाग्याला टेकतो, त्या धाग्याला टेकतो,
कुठेतरी चिकटतोच.
निसटायला बघतो तो मधला.
"मी मधला आहे," तेमुलेन म्हणतो.
खरंच आहे, तिघांतला मधला.

"आणि ही काळी जाळी?"
कोळसा.
तो हसतो. त्याचा बाप झांद्रा हसत नाही.
चुलीतला वास सोडतो, जाळीतला वास धरतो,
काट्याने काटा.
किती धरतो ते मी सांगत नाही. फार नाही.

जुना फिल्टर ओढून काढतो.
बसवला तेव्हा दुधासारखा होता.
उरानचिमेग तो हातात घेते, दिव्याकडे धरते.
पलीकडचं काही दिसत नाही.
"हे सगळं याच्या छातीत गेलं असतं."
यातलं बरंच गेलेलं आहे, हे मी गिळून टाकतो.
दार दिवसातून चाळीसदा उघडतं :
पाणी, कोळसा, पोरं, कुत्रा, मी.
नमद्याच्या शिवणीतून वारा येतो.
यंत्राला कळते ती बंद खोली,
आणि इथे धुराचं मूळच
खोलीच्या मधोमध, तांबडं होऊन बसलेलं.

सकाळी मी खाली शहरात होतो,
अकराव्या मजल्यावर. तिहेरी काचा, नळातून येणारी ऊब.
यंत्रं तीन. एक तर नुसतं
कोट टांगायच्या खोलीत.
वर्षभराचा फिल्टर, रंग फिक्या चहाचा, दूध जास्त झालेल्या.
बाईंनी विचारलं, "चालतं तरी का हे?
दिवा कायम हिरवाच असतो."
चालतं, बाई. उत्तम चालतं.

इथे तांबड्याचा केशरी झाला तरी
झांद्रा डोक्यावरची टोपी काढतो.
परवा मटणाच्या पुऱ्या तळल्या तेव्हा
दिवा पुन्हा तांबडा.
तेमुलेन म्हणाला, त्यालाही भूक लागलीय.

ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणतात.
या टेकडीवर जळतं एकाचं
आणि कळतं खालच्या गल्लीतल्या फुप्फुसांना.

"पण झोपतो आता," उरानचिमेग सांगते,
"चारपर्यंत झोपतो."
चारला चूल विझते. कोणीतरी उठून पेटवतं.
चार तर चार. मी वहीत लिहून घेतो,
नव्या फिल्टरची तारीख घालतो,
मिठाचा चहा पितो, निघतो.

माझं घर दोन गल्ल्या वर.
आमच्याकडे लहान कोणी नाही,
म्हणून यंत्र नाही. यादीचा नियम आहे, बरोबर आहे.
आत गार. बादलीतल्या पाण्यावर कातडं धरलंय.
काडी ओढतो. धूर नळीतून वर जातो,
थोडा वर, मग थंडी त्याला खाली दाबते
आणि तो उताराला लागतो,
ओळखीच्या वाटेने.

खाली कुठे दिवा बदलला असेल.

मी आणखी दोन ढेकळं टाकतो.
उणे एकतीस आहे.