दृश्य, असल्यास

नकाशात ही काउंटी म्हणजे दोन नद्यांमधली चिंधी.
दोन्ही बाजूंना काठ, मधे कापड जेमतेम.
तरी सात लाख माणसं
तिच्यातच अंग झाकून बसतात.

मी इथला घरपट्टीवाला. एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या पायाखालची जमीन चौरस फुटांत मोजतो.

पश्चिमेला हॅकेन्सॅक. खारी दलदल,
लव्हाळ्यात बुडालेले रूळ, जुन्या कचऱ्याची टेकडी,
आता तिच्यावर गवत आहे आणि गवताला कुंपण.
मग गोदामं, बिनखिडक्यांची,
एकेक इतकं लांब की या टोकाला ऊन असतं
तेव्हा त्या टोकाला पाऊस असू शकतो.
रात्रपाळीची पोरं कमरेला स्कॅनर लावून आत जातात,
सकाळी बाहेर येतात तेव्हा
बोटांना पुठ्ठ्याचा वास.

मधोमध काळ्या दगडाचा कडा.
माथ्यावर घराला घर चिकटलेलं,
फटीतून मांजरही आडवी होऊन जाते.
कड्याखाली, पूर्वेला, हडसनचा काठ.
तोही मूळचा नव्हे;
जहाजांनी टाकलेले धोंडे, पाडलेल्या घरांच्या विटा, राख
यांची भर घालून वाढवलेला.
त्या भरावावर आज काचेचे मनोरे.
पैसा पलीकडच्या काठावर जन्मतो,
त्याचा हिशेब इकडे, भाडं कमी म्हणून.
पण सुईच्या अग्राइतकी जमीनही
इथे वकिलाशिवाय हलत नाही.

सुईवरून आठवलं. एडेल्मिरा किंतेरो.
माथ्यावरच्या तिच्या घरात, तळमजल्याला
भरतकामाचं यंत्र होतं. पंधरा वार लांब, हजारभर सुया.
एक माणूस नक्षीवरून दांडा फिरवायचा
आणि साऱ्या सुया एकदम तेच फूल काढायच्या.
क्यूबाहून आली तेव्हा ती अठराची. धोट्यांत दोरा भरायची.
"अख्खी गल्ली थरथरायची," म्हणाली,
"कॉफीचा कप चालत चालत टेबलाच्या कडेला जायचा."
अजूनही बोलताना
तिने कप धरून ठेवलेला असतो.

यंत्र भंगारात गेलं, भरतकाम समुद्रापार.
जमिनीत बोल्टांची भोकं राहिली.
मी ती मोजली नाहीत.
फॉर्मात तो रकाना नाही.

हा आहे: दृश्य, असल्यास.
मागल्या खेपेला मीच लिहिलं होतं, "नदी, पूर्ण."
यंदा खालच्या भरावावरून उठून
एक मनोरा कड्याच्याही वर गेला.
त्याचा सतरावा मजला तिच्या ओट्याच्या उंचीला.
मी "पूर्ण" खोडलं.
घरपट्टी वर्षाला अकराशे चाळीस डॉलरांनी उतरली.

वाटलं, खूश होईल.
तिने चष्मा चढवला, आकडा दोनदा वाचला.
"एवढ्याची नदी होती होय माझ्याकडे?
अरे, आधी सांगायचंस.
मी आपली पडदे ओढून ठेवायची, डोळ्यांवर ऊन येतं म्हणून."

समोरच्या काचेत एक मुलगा दात घासत उभा होता,
बनियनवर, आमच्याकडेच बघत.
त्याच्या बाजूचा रकानाही मीच भरलाय:
"कडा, जुनी घरं. अंशतः."
म्हणजे ही खिडकी, हा ओटा, हा धरलेला कप,
यांचे पैसे तो भरतो.

हे मी तिला सांगितलं.
तिने उठून पडदा पूर्ण बाजूला केला
आणि केसांवरून हात फिरवला.