वजनाची वही

आरिआकेचं पाणी ओसरलं की मैलभर चिखल उघडा पडतो,
आणि उन्हाळाभर, सकाळी नऊच्या सुमारास,
माझ्या काट्यावर पाकटं येतात.
मी फक्त आकडा लिहिते.
नगरपालिका किलोमागे पैसे देते,
कारण आमचे शिंपले त्यांनी खाल्ले म्हणे.
गेन्झो तर शपथेवर सांगतो, रात्री ऐकू येतं,
कुणीतरी जुन्या कौलांवरून चालत असल्यासारखं.

असेल.
भिंत बांधून समुद्राचा एक तुकडा तोडला,
तो अजून कुणी काट्यावर आणलेला नाही.

मिसोनो येते विद्यापीठातून, पट्टी घेऊन.
शेपटीवरचा काटा मोजते, मणके मोजते.
म्हणाली, फुसाएसान, इतकी वर्षं तुम्ही यांना
दुसऱ्याच कुणाच्या नावाने मारत होतात.
तो वेगळा. लांब डोक्याचा, अंगाने बराच लहान.
तिने फोनवर दाखवला: जावातला एक बाजार,
आणि एक बाई, सुमिराह, दोन पाकटं शेपटीने धरून,
ओल्या छत्र्या धराव्यात तशी.
तिकडे त्यांच्यावर कुणाचा राग नाही.
जाळं कोळंबीसाठी टाकतात, हे सोबत येतात.
काटा आहे, वही नाही.

आणि यादीत?
तो संकटग्रस्त, आपला असुरक्षित.
यातलं वाईट कुठलं?
त्याचं. एका पायरीने.
मी हसले. इथल्या माणसाला पायरी काय सांगतेस,
इथं समुद्रच रोज दोनदा
दोन मजले उतरतो.

त्याच आठवड्यात एक मादी आली, एकोणीस किलो.
आकडा लिहून झाला, शाई ओली होती,
आणि काट्यावरच तिच्यातून एक पिल्लू निसटलं.
पंख गुंडाळलेले, नुकत्याच घडी केलेल्या
रुमालासारखे. मग ते उलगडले.
वर्षभर पोटात वाढवायचं, आणि तेही मोजकीच.
वहीत त्याला रकाना नव्हता,
त्याचं वजन आईत धरून झालेलं.

गेन्झोने शिवी हासडली. पिल्लाला की मला, कळलं नाही.
मग बादलीत पाणी घेतलं, पिल्लू घेतलं,
चिखलावर घसरायची फळी काढली,
एक गुडघा तिच्यावर टेकवून
दुसऱ्या पायाने रेटत निघाला.

मी आकडा खोडला नाही.
भरतीला अजून दोन तास होते.