गहूभर

डेव्हेंटरला, आयसेल नदीच्या काठी, वुब्बोची शेड.
सायकलचा सांगाडा चिमट्यात धरलेला,
नवा बाटली-हिरवा रंग आठवडाभर वाळतोय.
पितळी बिल्ला अजून बशीत:
उचकटताना त्यावरचा बगळा सपाट झाला.

वुब्बो त्याला झाडूच्या दांड्यावर ठेवतो,
अंगठ्यांनी दाबतो, पुन्हा गोलाई येईपर्यंत.

"चिकटवून टाका की," हिल्ट्येचा मुलगा म्हणतो.
वुब्बो ऐकत नाही. सुईने रंग टोचत
जुनी भोकं शोधतो.
सापडतात.
डावं, उजव्यापेक्षा गहूभर वर.

म्हणजे बगळा पहिल्यापासून तिरकाच.
कुणीतरी शुक्रवारी, सुटीच्या भोंग्याआधी,
भोक पाडून मोकळा झाला
आणि सत्तर वर्षं कुणी ओळंबा लावला नाही.

"सरळच असेल ना गं तेव्हा?"
"मला नको विचारू," हिल्ट्ये म्हणते,
"मी कायम मागे, कॅरिअरवर.
मला बाबांच्या कोटाची पाठ तेवढी माहीत."

वुब्बो हातातलं ड्रिल खाली ठेवतो.
दोन मिलिमीटरचे रिव्हेट, शेपट्या आतून घासलेल्या,
नाहीतर हँडल वळताना खरवडतं.
टक्.
चष्मा वर. चष्मा खाली.
टक्.

मुलगा लांब जाऊन बघतो,
मान जराशी कलती करून.